विद्यापीठीय पर्यटन शिक्षण

विद्यापीठीय पर्यटन शिक्षण म्हणजे पर्यटन या सामाजिक, आर्थिक व सांस्कृतिक व्यवहाराचा विद्यापीठे, त्यांच्याशी संलग्न महाविद्यालये आणि समकक्ष राष्ट्रीय संस्था यांमधून पदविका, पदवी, पदव्युत्तर पदवी व संशोधन या स्तरांवर होणारा पद्धतशीर अभ्यास होय. प्रवास व्यवस्थापन, पर्यटन भूगोल, वारसा-अभ्यास, आतिथ्य, विपणन, पर्यटन अर्थशास्त्र, पर्यावरण व कायदा अशा अनेक विषयांचा त्यात समावेश होतो. युरोपात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शिक्षणाचा पाया घातला गेला. भारतात त्याचा विस्तार मुख्यतः १९८० नंतर झाला. उद्योगाला प्रशिक्षित मनुष्यबळ पुरवणे हे या शिक्षणाचे मुख्य प्रयोजन मानावे, की पर्यटनाचे समाजावर व निसर्गावर होणारे परिणाम समजून घेऊन त्याला दिशा देणे, हा या क्षेत्रातील सर्वांत जुना व अद्याप न मिटलेला वाद आहे.

संज्ञा व व्याप्ती

आपल्या नेहमीच्या परिसराबाहेर, एक वर्षाहून कमी काळासाठी, आणि भेट दिलेल्या ठिकाणी नोकरी करून वेतन मिळवण्याव्यतिरिक्त अन्य हेतूने केलेला प्रवास व मुक्काम, असा पर्यटनाचा अर्थ संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकीय व्याख्येत घेतला जातो. या व्याख्येत विश्रांतीसाठीच्या सहलीबरोबर तीर्थयात्रा, नातेवाइकांच्या भेटी, वैद्यकीय उपचारांसाठीचा प्रवास, परिषदांना लावलेली उपस्थिती इत्यादींचाही समावेश होतो. पंढरीची वारी, नाशिक-त्र्यंबकेश्वरचा कुंभमेळा किंवा चारधाम यात्रा यांना सहभागी होणारे लोक स्वतःला पर्यटक म्हणवून घेत नाहीत. मात्र निवास, पाणी, स्वच्छता, वाहतूक व गर्दीचे नियोजन या दृष्टींनी या यात्रा पर्यटनाच्या अभ्यासाचा महत्त्वाचा भाग ठरतात.

पर्यटन शिक्षण आणि हॉटेल व्यवस्थापन शिक्षण यांत पुष्कळदा गल्लत केली जाते. हॉटेल व्यवस्थापनात निवास, भोजन व पाकक्रिया या सेवांचे शिक्षण केंद्रस्थानी असते. पर्यटन शिक्षणात पर्यटक, स्थळ, स्थानिक समाज, वाहतूक, शासन व बाजारपेठ यांच्या परस्परसंबंधांचा विचार होतो. दोन्ही शाखांत काही विषय समान असले तरी त्यांचा उगम व उद्दिष्टे भिन्न आहेत.

जागतिक इतिहास

आतिथ्य व्यवसायाच्या औपचारिक शिक्षणाची सुरुवात १८९३ मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे स्थापन झालेल्या हॉटेल विद्यालयापासून मानली जाते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने १९२२ मध्ये हॉटेल प्रशासनाचा अभ्यासक्रम सुरू केला. पर्यटन या विषयाचा स्वतंत्र अभ्यास मात्र जर्मन भाषक प्रदेशात आकारास आला. रॉबर्ट ग्ल्युक्समान यांनी १९२९ मध्ये बर्लिनच्या वाणिज्य महाविद्यालयात पर्यटन संशोधन संस्था सुरू केली. नाझी राजवटीत ती बंद पडली.

दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४१ मध्ये, स्वित्झर्लंडमधील बर्न व सेंट गॅलन येथे पर्यटन संशोधन संस्था स्थापन झाल्या. त्यांच्याशी संबंधित असलेले कुर्ट क्राफ व वॉल्टर हुन्झिकर यांनी १९४२ मध्ये पर्यटनाच्या सामान्य सिद्धान्ताची रूपरेषा मांडणारा ग्रंथ लिहिला. परक्या ठिकाणी आलेल्या व्यक्तींचा प्रवास व मुक्काम यांतून निर्माण होणाऱ्या संबंधांचा व घटितांचा समुच्चय म्हणजे पर्यटन, ही त्यांची भूमिका होती. तिच्यामुळे पर्यटनाकडे केवळ व्यापार म्हणून न पाहता मानवी संबंध म्हणून पाहण्याची दृष्टी मिळाली. पुढे याच दोघांच्या पुढाकाराने पर्यटनाच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय संघटना १९५१ मध्ये अस्तित्वात आली.

१९६० नंतर जेट विमानांमुळे व सवलतीच्या गट-सहलींमुळे पर्यटन झपाट्याने वाढले. ब्रिटनमध्ये सरे व स्ट्रॅथक्लाइड या विद्यापीठांत १९७२ मध्ये पर्यटनाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले. जाफर जाफरी यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या संशोधन-नियतकालिकामुळे समाजशास्त्रज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ व भूगोलतज्ज्ञ या विषयाकडे वळले. डीन मॅककॅनेल यांचा पर्यटकाविषयीचा ग्रंथ (१९७६), व्हॅलीन स्मिथ यांनी संपादित केलेला यजमान व पाहुणे यांच्या संबंधांवरील ग्रंथ (१९७७), रिचर्ड बटलर यांचे पर्यटनस्थळाच्या जीवनचक्राचे प्रतिमान (१९८०) आणि जॉन अरी यांचा पर्यटकाच्या दृष्टीविषयीचा ग्रंथ (१९९०) हे आजही जगभरातील अभ्यासक्रमांत आधारभूत मानले जातात.

भारतातील विकास

भारतात प्रवासाची परंपरा प्राचीन असली तरी पर्यटनाचा शासकीय विचार स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर सुरू झाला. सर जॉन सार्जंट यांच्या अध्यक्षतेखाली १९४५ मध्ये नेमलेल्या समितीने पर्यटक-वाहतुकीच्या विकासाची शिफारस केली. १९५८ मध्ये केंद्र शासनाचा स्वतंत्र पर्यटन विभाग व १९६६ मध्ये भारतीय पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले.

शिक्षणाच्या बाबतीत पहिले पाऊल आतिथ्य क्षेत्रात पडले. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने १९५४ मध्ये मुंबईत सुरू केलेली केटरिंग संस्था ही देशातील या प्रकारची पहिली संस्था होय. दादर येथील ही संस्था आज हॉटेल व्यवस्थापन संस्था म्हणून ओळखली जाते. अन्नटंचाईच्या त्या काळात पोषण व पर्यायी अन्नाचा प्रसार हा परिषदेच्या कार्याचा मुख्य भाग होता. देशातील आतिथ्य शिक्षणाचे मूळ अशा प्रकारे चैनीच्या व्यवसायात नसून अन्नाच्या प्रश्नात आहे. अशा संस्थांच्या समन्वयासाठी १९८२ मध्ये राष्ट्रीय हॉटेल व्यवस्थापन व केटरिंग तंत्रज्ञान परिषद स्थापन करण्यात आली.

१९८२ मध्येच देशाचे पहिले राष्ट्रीय पर्यटन धोरण जाहीर झाले. पुढील वर्षी, १९८३ मध्ये, नवी दिल्ली येथे भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था स्थापन झाली. नंतर तिचे मुख्यालय ग्वाल्हेर येथे नेण्यात आले. भुवनेश्वर, नोएडा, नेल्लोर व गोवा येथेही तिची केंद्रे आहेत. गोव्यातील केंद्र जलक्रीडा प्रशिक्षणासाठी प्रसिद्ध आहे. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या प्रादेशिक स्तरावरील मार्गदर्शकांच्या प्रशिक्षणातही या संस्थेचा वाटा आहे.

विद्यापीठांमध्ये या विषयाचा प्रसार १९९० च्या दशकात वेगाने झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४-९५ पासून पदवी स्तरावर व्यावसायिक विषय सुरू करण्याची जी योजना राबवली, तीत पर्यटन व प्रवास व्यवस्थापन हा एक विषय होता. या योजनेमुळे कला व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पारंपरिक विषयांबरोबर पर्यटनाचे शिक्षण घेता येऊ लागले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने दूरशिक्षणाद्वारे पर्यटनाचे पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रम उपलब्ध करून दिले. त्यामुळे नोकरी करणाऱ्यांना व महानगरांपासून दूर राहणाऱ्यांनाही हा विषय शिकणे शक्य झाले. पर्यटन प्रशासन व व्यवस्थापन हा राष्ट्रीय पात्रता परीक्षेतील (नेट) स्वतंत्र विषय आहे. महाविद्यालयीन अध्यापनासाठी या विषयाला मिळालेली ती मान्यता होय. २०१४ पासून आयोगाने प्रोत्साहन दिलेल्या व्यवसाय पदवी अभ्यासक्रमांतही पर्यटन व आतिथ्य या विषयांना स्थान मिळाले.

महाराष्ट्र व गोवा

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना १९७५ मध्ये झाली. अजिंठा व वेरूळ ही लेणी १९८३ मध्ये, तर घारापुरीची लेणी १९८७ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली. त्यानंतर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (२००४), पश्चिम घाट (२०१२), मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूह (२०१८) आणि मराठा लष्करी भूप्रदेश (२०२५) यांची भर पडली. शेवटच्या नोंदीत बारा किल्ले असून त्यांपैकी साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रात, तर जिंजी हा तमिळनाडूत आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरण मंजूर झाले.

छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पर्यटन प्रशासनाचा स्वतंत्र विभाग आहे. अजिंठा, वेरूळ, दौलताबाद व बीबी का मकबरा यांच्या सान्निध्यामुळे तेथील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष क्षेत्रकार्याची संधी मिळते. मुंबई विद्यापीठाच्या गरवारे संस्थेतही प्रवास व पर्यटनाचे अभ्यासक्रम चालवले जातात. याशिवाय राज्यातील अनेक विद्यापीठांच्या भूगोल अभ्यासक्रमांत पर्यटन भूगोल हा विषय शिकवला जातो. शालेय स्तरावर महाराष्ट्र राज्य मंडळाच्या इयत्ता दहावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात पर्यटन आणि इतिहास यांवर, तर भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात पर्यटन, वाहतूक व संदेशवहन यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. त्यामुळे विद्यापीठात येणारा विद्यार्थी या विषयाशी अगदीच अपरिचित नसतो.

गोव्याचा अनुभव वेगळा आहे. १९८० च्या दशकात परदेशी पर्यटकांची थेट चार्टर विमाने येऊ लागल्यावर किनारपट्टीचे स्वरूप झपाट्याने बदलले. पाणी, जमीन व स्थानिक संस्कृती यांवर येणाऱ्या ताणाविरुद्ध त्याच दशकात तेथे नागरिकांच्या चळवळी उभ्या राहिल्या. पर्यटनाचा लाभ कोणाला व त्याची किंमत कोणाला, हा प्रश्न भारतात ज्या ठिकाणी प्रथम ठळकपणे विचारला गेला, त्यांत गोव्याचा समावेश होतो. पर्यटनाच्या सामाजिक परिणामांवरील भारतीय अभ्यासात म्हणूनच गोव्याचे उदाहरण वारंवार घेतले जाते.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

विद्यापीठानुसार तपशील बदलत असला तरी पर्यटनाच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांत साधारणतः पुढील घटक आढळतात.

• पर्यटनाची मूलतत्त्वे: संज्ञा, इतिहास, पर्यटनाचे प्रकार, प्रेरणा व परिणाम.
• भूगोल व वारसा: भारतातील व जगातील पर्यटनस्थळे, लेणी, मंदिरे, किल्ले, वस्तुसंग्रहालये, सण-उत्सव, लोककला, अभयारण्ये.
• प्रवास व्यवसाय: सहलीची आखणी, खर्चाचा अंदाज, विमान-तिकिटांची आकारणी, व्हिसा व पारपत्र, विमा.
• व्यवस्थापन: विपणन, लेखांकन, मनुष्यबळ, उद्योजकता.
• नियोजन व धोरण: स्थळविकास, वहनक्षमता, कायदे, शासकीय योजना.
• भाषा व संवाद: इंग्रजी, एखादी परकीय भाषा, मार्गदर्शनाची तंत्रे.
• क्षेत्रकार्य: अभ्यास-सहल, उद्योगातील प्रशिक्षण, प्रकल्प-अहवाल.

यांपैकी वहनक्षमता ही संकल्पना विशेष महत्त्वाची आहे. एखाद्या स्थळाची हानी न होता आणि भेट देणाऱ्यांच्या अनुभवाची गुणवत्ता न घसरता ते स्थळ एका वेळी किती माणसे सामावून घेऊ शकते, याचा विचार तीत होतो. ही मर्यादा केवळ जागेच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. अजिंठ्याच्या लेण्यांत उभे राहण्यास जागा असली तरी माणसांच्या श्वासातून निर्माण होणारी आर्द्रता व कार्बन डायऑक्साइड भित्तिचित्रांना बाधक ठरतात. म्हणून तेथे चित्रे असलेल्या लेण्यांतील प्रवेशावर मर्यादा असते, आणि पर्यटकांची वाहने काही अंतरावर थांबवून पुढील प्रवास विशेष बसगाड्यांनी करावा लागतो. सातारा जिल्ह्यातील कास पठारावर फुलांच्या हंगामात पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालून आगाऊ नोंदणीची पद्धत अवलंबली गेली, कारण पातळ मातीच्या थरावर वाढणाऱ्या वनस्पती पायदळी तुडवल्या जाण्याचा धोका असतो. गावाच्या बाबतीत याच मर्यादेला सामाजिक बाजू येते. उन्हाळ्यात विहिरींचे पाणी निवासगृहांकडे वळू लागले, की रिकामी जागा कितीही असली तरी त्या गावाची मर्यादा ओलांडलेली असते.

ज्ञानशाखा की अभ्यासक्षेत्र?

पर्यटन ही स्वतंत्र ज्ञानशाखा आहे काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. नील लायपर यांनी १९७९ मध्ये पर्यटक, पर्यटक पाठवणारा प्रदेश, संक्रमण-मार्ग, गंतव्य प्रदेश व पर्यटन उद्योग या पाच घटकांची एकात्म व्यवस्था मांडली, आणि पुढे पर्यटनाला स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून विकसित करण्याची बाजू घेतली. याउलट जॉन ट्राइब यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात पर्यटन ही ज्ञानशाखा नसून अनेक शाखांच्या साहाय्याने अभ्यासावयाचे क्षेत्र आहे, असे प्रतिपादन केले. स्वतःची अशी अन्वेषण-पद्धती व परस्परसंबद्ध संकल्पनांचे जाळे पर्यटनाकडे नाही, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

हा वाद वरकरणी तात्त्विक वाटला तरी त्याचे व्यावहारिक परिणाम आहेत. पर्यटनाचा विभाग व्यवस्थापन विद्याशाखेत असेल, तर विपणन व वित्त यांना प्राधान्य मिळते. तो भूगोल किंवा इतिहास विभागाला जोडलेला असेल, तर स्थळ व वारसा यांचा अभ्यास पुढे येतो. भारतात यांपैकी पहिली पद्धत अधिक रूढ झाली आहे. परिणामी ताळेबंद वाचू शकणारा, पण समोरच्या शिलालेखाची लिपी कोणती हे न ओळखणारा पदवीधर तयार होतो, असा आक्षेप वारसा-अभ्यासकांकडून घेतला जातो. केवळ इतिहास जाणणाऱ्या पदवीधराला सहलीचा हिशेब जमत नाही, असे व्यावसायिकांचे प्रत्युत्तर असते.

जाफर जाफरी यांनी पर्यटनविषयक विचाराच्या चार भूमिका सांगितल्या आहेत: पर्यटनाचे समर्थन करणारी, त्याच्या धोक्यांची जाणीव देणारी, पर्यायी प्रकार शोधणारी आणि ज्ञानाधिष्ठित. पहिल्या तीन भूमिका पर्यटन चांगले की वाईट या प्रश्नाभोवती फिरतात. चौथी भूमिका ते कसे घडते हे समजून घेऊ पाहते. विद्यापीठाचे खरे कार्यक्षेत्र ही चौथी भूमिका होय, असे सामान्यतः मानले जाते.

विद्यापीठांची भूमिका

पर्यटन क्षेत्रात विद्यापीठांची भूमिका स्थूलमानाने चार प्रकारची आहे.

पहिली भूमिका मनुष्यबळ-निर्मितीची आहे. सहल आयोजक, प्रवास संस्था, विमान कंपन्या, शासकीय पर्यटन विभाग, वस्तुसंग्रहालये व कार्यक्रम-व्यवस्थापन संस्था यांना प्रशिक्षित कर्मचारी लागतात. पर्यटकांचा परवानाधारक मार्गदर्शक हा देशाविषयी व प्रदेशाविषयी पाहुण्याचे मत घडवणारा महत्त्वाचा दुवा असतो.

दुसरी भूमिका संशोधनाची आहे. एखाद्या स्थळी किती पर्यटक येतात, ते किती खर्च करतात, त्यातील किती रक्कम गावात राहते व किती बाहेर जाते, याची नोंद झाल्याशिवाय नियोजन अंदाजावर चालते. गावात आलेला पैसा बाहेरून मागवलेला माल, बाहेरचे मालक व बाहेरचे कर्मचारी यांच्याद्वारे पुन्हा बाहेर जाण्याच्या प्रक्रियेला पर्यटन अर्थशास्त्रात गळती म्हणतात. तिचे मोजमाप करण्यासाठी गावपातळीवरील सर्वेक्षण आवश्यक असते. स्थानिक महाविद्यालयांचे विद्यार्थी व अध्यापक हे काम बाहेरच्या सल्लागार संस्थांपेक्षा अधिक सातत्याने करू शकतात.

तिसरी भूमिका वारशाच्या अर्थविवरणाची आहे. स्थळाविषयी प्रचलित असलेल्या दंतकथा व पुराव्यांनी सिद्ध झालेला इतिहास यांतील भेद सांगणे, आणि तो सांगताना लोकस्मृतीचा अनादर न करणे, हे कौशल्य अभ्यासाने येते. तीर्थक्षेत्रांतील क्षेत्रोपाध्यांच्या वंशावळींच्या वह्या, दिंड्यांची मुक्काम-व्यवस्था किंवा गडाखालच्या वाड्यांतील वाटाड्यांचे ज्ञान हीदेखील पर्यटन-अभ्यासाची मौल्यवान साधने आहेत.

चौथी भूमिका समीक्षेची आहे. उद्योग व शासन हे दोघेही स्वाभाविकपणे पर्यटकांच्या वाढत्या संख्येला यशाचे मोजमाप मानतात. ही वाढ कोणत्या मर्यादेपर्यंत हितकारक आहे, हा प्रश्न स्वतंत्रपणे विचारू शकणारी संस्था म्हणून विद्यापीठाचे महत्त्व आहे.

टीका व अडचणी

रोजगाराचे स्वरूप. पर्यटनातील अनेक नोकऱ्या हंगामी असतात. सुरुवातीचे वेतन कमी, कामाचे तास अनियमित व सणासुदीला रजा दुरापास्त, अशी परिस्थिती सर्वत्र आढळते. पदवीधर व अल्पकालीन प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी यांना व्यवसायात पुष्कळदा एकाच पायरीवर प्रवेश मिळतो. त्यामुळे तीन-चार वर्षांच्या पदवीचे मोल काय, असा प्रश्न विद्यार्थी व पालक विचारतात.

प्रशिक्षणाचा दर्जा. उद्योगातील प्रशिक्षणाच्या काळात विद्यार्थ्यांना शिकवण्याऐवजी स्वस्त मजूर म्हणून वापरले जाते, अशी तक्रार अनेक देशांत नोंदवली गेली आहे. महाविद्यालयाने प्रशिक्षणाची उद्दिष्टे लेखी ठरवणे व त्यावर देखरेख ठेवणे हा त्यावरचा उपाय सुचवला जातो.

अध्यापकांची कमतरता. व्यवसायाचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांकडे विद्यापीठीय पात्रता नसते, आणि पात्रताधारकांना व्यवसायाचा अनुभव नसतो. अनेक ठिकाणी अभ्यासक्रम विनाअनुदानित तत्त्वावर चालत असल्यामुळे कायम अध्यापकांची नेमणूक होत नाही.

भाषेचा प्रश्न. पर्यटनाचे बहुतेक संदर्भग्रंथ इंग्रजीत असून त्यांतील उदाहरणे युरोप-अमेरिकेची असतात. भारतीय भाषांतील पाठ्यसामग्री तुलनेने अल्प आहे. अभ्यासक्रमांचा रोख परदेशी पर्यटकांची सेवा हा असतो. प्रत्यक्षात भारतात देशांतर्गत पर्यटकांची संख्या परदेशी पर्यटकांच्या कित्येक पटींनी अधिक आहे. रायगडावर किंवा पन्हाळ्यावर येणारे बहुसंख्य लोक मराठी भाषक असतात. त्यांना अचूक व रसाळ मराठीत माहिती सांगू शकणाऱ्या प्रशिक्षित मार्गदर्शकांची गरज अभ्यासक्रमांत पुरेशी प्रतिबिंबित होत नाही.

स्थानिकांचा अल्प सहभाग. पर्यटनस्थळाजवळ राहणाऱ्या शेतकरी, कोळी व आदिवासी कुटुंबांतील तरुणांना शहरातील शुल्काधारित अभ्यासक्रम परवडत नाहीत. त्यामुळे शिक्षित व्यवस्थापक बाहेरून येतो व स्थानिक व्यक्ती खालच्या दर्जाच्या कामावर राहते. पर्यटन शिक्षणाच्या न्याय्यतेविषयीचा हा सर्वांत गंभीर आक्षेप मानला जातो.

कोविड-१९ महामारीचा परिणाम

२०२० मधील महामारीने पर्यटन क्षेत्राचा ठिसूळपणा उघड केला. २०१९ मध्ये भारतात सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले होते. २०२० मध्ये ही संख्या सुमारे २७ लाखांवर आली. प्रवास संस्था बंद पडल्या, मार्गदर्शकांचे उत्पन्न थांबले आणि विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण खंडित झाले. या अनुभवानंतर आपत्ती व जोखीम व्यवस्थापन, आरोग्य-सुरक्षा आणि देशांतर्गत पर्यटन या विषयांना अभ्यासक्रमात अधिक स्थान देण्याची आवश्यकता मांडली जाऊ लागली. केवळ एकाच व्यवसायाला उपयोगी पडणारे कौशल्य संकटकाळी अपुरे पडते. लेखन, भाषा, हिशेब व माहितीचे विश्लेषण ही अन्यत्रही उपयोगी पडणारी कौशल्ये विद्यार्थ्याला तारतात, हा या काळाचा महत्त्वाचा धडा होय.

भविष्यातील दिशा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार उच्च शिक्षणात बहुविद्याशाखीय रचना, अभ्यासक्रमात टप्प्याटप्प्याने प्रवेश व निर्गमनाची मुभा आणि श्रेयांकांची साठवण या तरतुदी करण्यात आल्या. पर्यटन शिक्षणाला या रचनेचा लाभ होऊ शकतो. हंगामात काम व उर्वरित काळात शिक्षण, किंवा इतिहास, वनस्पतिशास्त्र, भाषा अशा मुख्य विषयाबरोबर पर्यटन हा दुय्यम विषय, असे पर्याय त्यामुळे शक्य होतात. मात्र पहिल्या टप्प्यावरच विद्यार्थी बाहेर पडू लागले, तर विद्यापीठीय शिक्षणाचे रूपांतर अल्प वेतनाच्या नोकरीसाठीच्या प्रमाणपत्रात होईल, अशी शंकाही घेतली जाते.

तंत्रज्ञानामुळे व्यवसायाचे स्वरूप बदलत आहे. तिकीट व निवासाचे आरक्षण प्रवासी स्वतःच मोबाइलवरून करतात. भाषांतर व सहलीची आखणी यांसाठीही संगणकीय साधने उपलब्ध झाली आहेत. अभ्यासक्रमातील आरक्षण-प्रणालींसारखे भाग त्यामुळे लवकर कालबाह्य होतात. स्थळाचा अन्वयार्थ लावणे, संकटात निर्णय घेणे, वृद्ध व दिव्यांग प्रवाशांची काळजी घेणे आणि स्थानिक समाजाशी संवाद साधणे ही माणसाची कामे मात्र अधिक महत्त्वाची ठरण्याची शक्यता आहे.

हवामान-बदल व अतिपर्यटन हे दोन विषय येत्या काळात अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी येतील, असे मानले जाते. जून २०१३ मध्ये केदारनाथ परिसरात आलेल्या महापुरात हजारो यात्रेकरू व स्थानिक लोकांचा बळी गेला. नाजूक पर्वतीय प्रदेशातील यात्रा-नियोजनाचा प्रश्न त्यामुळे तीव्रतेने पुढे आला. व्हेनिस शहराने २०२४ पासून ठरावीक दिवशी मुक्काम न करणाऱ्या पर्यटकांवर प्रवेश-शुल्क आकारण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी बार्सिलोना येथे वाढत्या पर्यटनाविरुद्ध नागरिकांनी निदर्शने केली. गर्दी आणणे हे आजवर पर्यटन-व्यवस्थापनाचे यश समजले जात असे. गर्दी आवरणे हेही तितकेच महत्त्वाचे कौशल्य होऊ लागले आहे.

पर्यटन शिक्षणाच्या भवितव्यावर विचार करण्यासाठी २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय अध्यापकांनी सुरू केलेल्या एका उपक्रमाने नीती, ज्ञान, व्यावसायिकता, परस्परादर व विश्वस्तवृत्ती ही पाच मूल्ये शिक्षणाचा आधार म्हणून मांडली. भारतात केरळ राज्याने २००८ पासून कुमरकम, कोवळम, तेक्कडी व वायनाड येथे जबाबदार पर्यटनाचे प्रयोग केले. हॉटेलांनी भाजीपाला, दूध, मासे इत्यादी वस्तू स्थानिक उत्पादकांकडून व महिलांच्या गटांकडून घ्याव्यात, असा प्रयत्न कुमरकम येथे झाला. २०१७ मध्ये या कार्यासाठी राज्यस्तरीय अभियान स्थापन झाले. गळती कमी करण्याचा हा मार्ग पर्यटनाच्या भारतीय अभ्यासक्रमांत उदाहरण म्हणून अभ्यासला जातो.

महाराष्ट्राच्या संदर्भात जागतिक वारसा यादीतील किल्ल्यांची नोंद ही पर्यटन शिक्षणाची कसोटी मानता येते. डोंगरी, वन्य, किनारी व बेटांवरील अशा विविध प्रकारच्या या किल्ल्यांचे जतन, पायवाटांची सुरक्षितता, पावसाळ्यातील गर्दी, कचरा, पाणी आणि पायथ्याच्या गावांची उपजीविका हे प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत. पुरातत्त्व, भूगोल, पर्यावरण, व्यवस्थापन व भाषा या सर्व विभागांच्या सहकार्याशिवाय त्यांची उकल होणे कठीण आहे. किल्ल्याजवळच्या महाविद्यालयांतून स्थानिक तरुणांना अल्प शुल्कात, मातृभाषेतून आणि पुढील पदवीशी जोडलेले शिक्षण मिळाल्यास वारशाची राखण व उपजीविका या दोन्ही गोष्टी साधू शकतात.

हेही पाहा

• पर्यटन
• पर्यटन भूगोल
• जागतिक वारसा स्थान
• कृषी पर्यटन
• महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ
• जागतिक पर्यटन दिन (२७ सप्टेंबर)